अख्तर-उल-ईमान दोन कसे झाले

ग्रंथालयात नवी संगणकप्रणाली आली की पहिला घोळ होतो लेखकांच्या नावांचा. जुन्या कार्डांवरची नावं घाईघाईत चढवलेली असतात आणि प्रणालीला प्रत्येकाचं आडनाव हवंच असतं. त्यामुळे आमच्याकडे एक होते 'ईमान, अख्तर उल', उर्दू कवी. दुसरे 'अख्तरुल इमान', हिंदी सिनेमाचे संवादलेखक. पहिल्यांच्या नावावर 'यादें' आणि 'बिंत-ए-लम्हात'. दुसऱ्यांच्या नावावर सिनेमा विभागात 'कानून', 'धर्मपुत्र' आणि 'वक्त'च्या जुन्या पुस्तिका.

अशा नोंदी मर्ज करणं हे माझं रोजचं काम. एकदा मर्ज केल्या की त्या पुन्हा सुट्या करता येत नाहीत. म्हणून उर्दूच्या नोंदींना मी सरांना विचारल्याशिवाय हात लावत नाही. सर मदनपुऱ्यातले निवृत्त उर्दू शिक्षक, आमच्याकडे मदतीला येतात.

त्या दिवशी सर अडून बसले. "बेटा, रहने दो. दोन आहेत तर दोन राहू देत."

माणूस एकच, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नजीबाबादकडचा 1915 चा जन्म, दिल्लीच्या अनाथाश्रमातलं बालपण, मग पुण्यात डब्ल्यू. झेड. अहमद यांच्या शालिमार पिक्चर्समध्ये नोकरी, फाळणीनंतर मुंबई आणि 1996 ला इथेच शेवट. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, चहा पार निवून गेला तरी. अडचण वेगळीच होती. "लोग चिनॉय सेठ बोलके ताली बजाएंगे. नज़्म कौन पढ़ेगा?" नज़्म म्हणजे एकाच विषयावरची सलग उर्दू कविता. 'वक्त'मधला राजकुमारचा तो काचेच्या घरांचा संवाद आमच्या शिपायालाही पाठ आहे, आणि नेमका तेव्हाच त्याने तो म्हणून दाखवला. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्यांचं दुखणं कळत होतं. साहिर, मजरूह हे शायर घरोघरी पोचले ते गाण्यांमुळे, आणि माझ्या मते त्यात कमीपणा काहीच नाही. ईमान यांनी मात्र सिनेमात राहून गाण्यांना नकार दिला. गझलेच्याही वाटेला ते फारसे गेले नाहीत. घर संवादांवर चालवायचं आणि नज़्म कुणाच्या चालीवर बसवायची नाही, असा त्यांचा हिशेब. 1962 ला 'यादें'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'धर्मपुत्र' आणि 'वक्त'च्या संवादांना फिल्मफेअर. दोन्ही पारडी भरलेली.

मी कपाटातून त्यांचा संग्रह काढला. कातिबाच्या, म्हणजे उर्दू मजकूर हाताने लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या, हातचं अक्षर, आणि कागद इतका वाळलेला की पान उलटताना कोपरा बोटालाच चिकटून आला. 'एक लड़का' ही नज़्म सापडायच्या आतच सर ती तोंडपाठ म्हणू लागले. आमराईत, शेताच्या बांधांवर हुंदडणारा एक मुलगा कवीची पाठ सोडत नाही. कवी कुठेही जावो, तो विचारतो: अख्तर-उल-ईमान, तो तूच का? कवी सांगतो की माझी रोजीरोटी दुसऱ्यांच्या हातात आहे, माझ्यापाशी डोक्याखेरीज काही नाही. शेवटी चिडून म्हणतो, तू विचारतोस तो कधीच मेला, मीच त्याला पुरला. मुलगा हसतो. खोटं आहे, बघ, मी जिवंत आहे.

मी म्हटलं, "सर, ज्याची रोजीरोटी दुसऱ्यांच्या हातात आहे, तो हाच ना, संवाद लिहिणारा? त्याला वेगळा काढला तर मुलगा प्रश्न विचारणार कुणाला?"

सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग सौदा केल्यासारखे म्हणाले, "ठीक है. पण 'कवी' वर लिहायचं, सिनेमा खाली."

मी मर्ज केलं. व्यवसायाच्या रकान्यात 'कवी' पहिला, 'संवादलेखक' दुसरा. सर चष्मा सावरत पडद्याजवळ आले, खात्री करून घेतली आणि खूश होऊन गरम चहा मागवला. हा रकाना प्रणाली आपोआप अकारविल्हे लावते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.