मूलहून सोनौली : जवाईबापूंचे चार शिक्के

पुतणीचा नवरा अमेरिकन. रोवणीच्या दिवसांत आला तो धान चुरून झालं तरी इथंच. व्हिसा दहा वर्षांचा, पण पासपोर्टातल्या त्याच कागदावर खाली एक ओळ छापलेली असते : एका वेळी सलग 180 दिवसांच्या वर मुक्काम नाही. सगळ्यांची नजर दहा वर्षांवर जाते आणि ही ओळ राहून जाते. म्हणजे मुदतीच्या आत देशाबाहेर जाऊन नव्याने प्रवेश घेणं आलं. आम्ही नेपाळ धरलं. लुंबिनीचं दर्शन होईल म्हणून आमच्या सौभाग्यवतीही निघाल्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलहून पॅसेंजरने बल्लारशाह, तिथून राप्तीसागर एक्स्प्रेसने गोरखपूर. ही गाडी रोज नसते, आणि हिवाळ्यात लखनौच्या आसपास धुक्यात अडकली की सगळं वेळापत्रक कोलमडतं. 180वा दिवस गाठायला निघू नका, आठवडाभर हाताशी ठेवा. गोरखपूरहून नेपाळच्या सीमेवरच्या सोनौलीला बस मिळते, नव्वदेक किलोमीटर.

खरी गोम सोनौलीत आहे. इथं कुणी अडवतच नाही. ट्रकांची रांग, सायकलरिक्षा, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, सगळे सीमेवरच्या कमानीखालून ये-जा करतात. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र खिशात असलं की झालं. त्यामुळे पाहुणाही आपल्यामागं सरळ चालत सुटतो. भारताचं इमिग्रेशन ऑफिस कमानीच्या अलीकडे, दुकानांच्या रांगेतच आहे. रिक्षावाला तिथं आपणहून थांबेल या भरवशावर राहू नका. जवाईबापू कमानीकडे निघालेच होते, मी बाही धरून मागं ओढलं. भारतातून गेल्याचा, नेपाळात शिरल्याचा, नेपाळातून निघाल्याचा आणि भारतात आल्याचा, असे चारही शिक्के हवेत. पहिला नसेल तर कागदोपत्री माणूस भारतातच राहतो.

नेपाळच्या बाजूला परदेश्यांना तिथंच व्हिसा मिळतो : 15 दिवसांचे 30 डॉलर. नोटा कोऱ्या न्या. आपल्या 100 रुपयांचे तिकडचे 160 होतात; जवळ शंभराच्याच नोटा ठेवल्या तर कटकट नाही. घड्याळ 15 मिनिटं पुढं करा. लुंबिनी तिथून पंचवीसेक किलोमीटर. अशोकाचा स्तंभ पाहून सौभाग्यवती जागच्या हलेनात, आणि मुक्काम वाढला ते बरंच झालं. त्याच संध्याकाळी परत फिरणाऱ्याला भारताच्या खिडकीवर जास्त प्रश्न विचारतात, आणि आत घ्यायचं की नाही हे शेवटी त्या साहेबाच्या हातात. आमच्याकडच्या साहेबाने पानं दोनदा उलटली, कुठं राहता विचारलं, गावाचं नाव नीट लिहून घेतलं.

ई-व्हिसा असेल तर मात्र थांबा. प्रवेशाची ठिकाणं ठरलेली असतात. सोनौली त्यात आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर पाहूनच तिकीट काढा.

माझ्या मते हा द्राविडी प्राणायाम एखाद्या वेळी ठीक, दरवर्षी नव्हे. भारतीय माणसाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला वेगळा एंट्री व्हिसा आहे, आणि लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात हवं तितकं राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो. पुतणीने आता ते कागद काढलेत.

आणि घरी पोचल्यावर परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारी नोंद, म्हणजे पूर्वीचा सी-फॉर्म, पुन्हा भरा. पाहुणा नव्याने आला असंच धरतात, घरमालकाने 24 तासांत ऑनलाइन कळवायचं. गावात रेंज नसेल तर मूललाच थांबून भरून घ्या, मग घरचा रस्ता धरा.