स्कॅनिंग सोपं, सूची अवघड

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोलापूरच्या कॉलेजचे जुने वार्षिकांक डिजिटल करायचं ठरलं. ग्रंथालयात काम करते म्हणून जबाबदारी माझ्याकडे आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत संपेल असं वाटलं होतं. दीड वर्ष लागलं.

आधी अंकच जमवावे लागले. काहींना कसर लागली होती, काही कपाटातच नव्हते. निवृत्त प्राध्यापकांना फोन करून करून घरोघरचे माळे उघडायला लावले. विडी कामगार बायका, यंत्रमाग, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा अशा विषयांवरचे एम.ए.च्या मुलांचे प्रकल्पही त्याच ढिगात सापडले. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जातात, पण या प्रकल्पांची प्रत एकच. ती गेली की त्या वस्त्यांत फिरून लिहून आणलेलं सगळंच गेलं.

स्कॅन करताना पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं उमटायची. पानामागे काळा कार्डपेपर ठेवला आणि ती गेली. मजकूर 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके), फोटो 600 ला घेतले. जुन्या ब्लॉकच्या छपाईतले फोटो ठिपक्यांचे असतात, स्कॅनमध्ये त्यांवर जाळी दिसते. स्कॅनरमध्ये त्यासाठीच ‘डीस्क्रीन’ नावाची सोय असते, ती चालू केली की जाळी बरीच कमी होते. मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवली, वाचायला पीडीएफ. अंकाची शिवण मात्र उसवू दिली नाही, कितीही वेळ लागला तरी.

खरं काम पुढे होतं. सोलापूरचा अंक म्हणजे एकाच बांधणीत मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड, उर्दू. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरला प्रत्येक विभागाची भाषा वेगळी सांगावी लागते, तरी जोडाक्षरं चुकतातच. म्हणून अनुक्रमणिका हातानेच टाइप केली: लेखक, वर्ग, वर्ष, विषय, पान. ‘स्कॅन 0042’ नावाची फाइल कुणाला सापडणार? नुसत्या पीडीएफ करून जतन झालं असं म्हणणं मला पटत नाही.

परवानगीचा प्रश्न होताच. लेखकाच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं हक्क राहतो, मग तो एफ.वाय.चा विद्यार्थी का असेना. म्हणून सूची सर्वांना खुली ठेवली. पूर्ण लेख लेखकाची सही मिळाली की खुला. विद्यार्थ्यांच्या यादीतले घरचे पत्ते झाकले.

मुलींच्या नावांवर मात्र मी अडले. अंकात माहेरचं नाव, आज ओळख सासरच्या नावाने. शहराच्या पूर्वभागातून एक मावशी आल्या. अंकात आपली कविता होती, एवढंच त्यांना आठवत होतं. वर्ष नाही, कवितेचं नावही नाही. माहेरचं नाव टाकलं आणि पान उघडलं. त्या स्क्रीनजवळ सरकून हळू आवाजात वाचत राहिल्या. परवानगीच्या कागदावर दोन्ही नावांनी सही केली. त्या दिवसापासून सूचीत ‘आताचे नाव’ हा रकाना आहे.

जाताना त्यांनी मुलींच्या कबड्डी संघाचा फोटो पाहिला. खाली फक्त ‘विजयी संघ’ छापलंय. त्यांनी बोट ठेवत पाच जणींची नावं सांगितली, मी लिहून घेतली. मागच्या रांगेतल्या दोघी अजून राहिल्या आहेत.