पंजी बसत नाही, सर!
(माजी विद्यार्थी, दहावी १९८६, तुकडी ब)

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चार ओळी पाठवा, असं शाळेचं पत्र आलं. स्नेहसंमेलन, कवायत, पत्र्याच्या वर्गात पावसाच्या आवाजात बुडालेले तास, सगळंच लिहायचं ठरवलं होतं. पण पेन हातात घेतलं की सरच समोर येऊन उभे राहतात. कोणते सर, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववीत होतो. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे आमचा मेंढीकोट रंगला होता आणि नेमके सर आले. कॅट जप्त. आता घरी चिठ्ठी जाणार, म्हणून आम्ही चौघंही गार. तास सुरू झाल्यावर सरांनी तोच कॅट टेबलावर ठेवला, त्यातून दोन एक्के, दोन दुर्र्या, दोन तिर्र्या काढल्या आणि मला पुढे बोलावलं.

"एका ओळीत मांड. दोन एक्क्यांच्या मध्ये एकच पत्ता हवा, दोन दुर्र्यांच्या मध्ये दोन, तिर्र्यांच्या मध्ये तीन."

पाचसात मिनिटं घोळ घातला आणि जमलं: २३१२१३. वर्गाने टाळ्या दिल्या. सरांनी दोन चौक्या वाढवल्या. त्याला दोन दिवस लागले: ४१३१२४३२. आता कॅट मिळणार, असं मला वाटलं. सर म्हणाले, "पंज्यांसकट मांड, मग ने."

ती दिवाळी मी पत्त्यांत घालवली. आई म्हणायची, जुगारी होणार हा. तिला काय सांगणार! फराळाच्या ताटाशेजारी दहा पत्ते, आणि दर वेळी शेवटी एखादी पंजी नाहीतर दुर्री हातात उरायची. सुट्टी संपली तसा सरांपुढे जाऊन उभा राहिलो. "पंजी बसत नाही, सर."

"बसत नाही, की बसणारच नाही?"

मला फरकच कळेना. सरांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची एक कोरी पाठ ओढली. जागांना १ ते १० आकडे दिले. बेरीज ५५. एक्क्याची दुसरी जागा पहिलीच्या २ पुढे, दुर्रीची ३ पुढे, असं करत पंजीची ६ पुढे. ही पुढची पावलं मिळून २०. ती ५५ मधून काढली की राहिले ३५. आणि हे ३५ म्हणजे पाचही पत्त्यांच्या पहिल्या जागांची बेरीज दोनदा घेतलेली. "कर निम्मे," म्हणाले. ३५ चे निम्मे करायला गेलो आणि अंगावर काटा आला. अख्खी दिवाळी मी जे शोधत होतो ते नव्हतंच! सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रडू येत होतं आणि हसूही.

लँगफर्ड नावाच्या स्कॉटिश गणितज्ञाने आपल्या छोट्या मुलाला रंगीत ठोकळे रचताना पाहिलं, त्यावरून हे कोडं १९५८ साली छापून आलं, असं मी फार पुढे वाचलं. सरांनी नाव कधी घेतलं नाही. आम्हाला ते सरांचंच वाटायचं, आणि खरं सांगू, मला अजूनही तसंच वाटतं.

आज मी एस.टी.त चालक-वाहकांच्या ड्युट्या लावतो. दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती किती, मुक्कामी गाडीवरचा माणूस सकाळी कुठे, हे सारं तेच. "बसत नाही साहेब" असं कुणी म्हणालं की माझ्या तोंडून सरांचाच प्रश्न निघतो. गेल्या वर्षी माझ्या वेळापत्रकाचं बैठकीत नाव निघालं. हे इथे लिहायचं कारण नाही, पण सर असते तर पोस्टकार्ड टाकलं असतं.

परवा शाळेत गेलो तर टाकीच्या जागी सायकल स्टँड. वर्गात मोठा पडदा आहे, मुलं हुशार आहेत. एकाला कोडं घातलं. त्याने मोबाइल काढून मिनिटभरात उत्तर दाखवलं. मी बरं म्हणालो.

कॅट मिळाला तो दहावीच्या निरोप समारंभाला. एक्का ते सत्ती अशा सात जोड्या वेगळ्या काढून रबरबँड लावलेला. सहाचंही निम्मं होत नाही, ते तोवर मी स्वतः करून पाहिलं होतं. सातचं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्रपाळीत, एकदाची ओळ लागली: ४१६१७४३५२६३२७५. त्याच रात्री पोस्टकार्डावर लिहून सरांना पाठवली. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं. शाबासकी नाही, ख्यालीखुशाली नाही. एकच ओळ: "उलटी वाचलेली वेगळी धरायची नाही. २५ राहिल्या."

माझ्या अकरा झाल्यात, सर.