भाऊबीजेनंतरची शेगडी

रविवार, दुपार

पाहुणे सकाळच्या गाडीने गेले. फराळाचे डबे निम्म्यावर आलेत, पण तळणाचा वास अजून घरातून हलायला तयार नाही. जेवणं उरकल्यावर आज शेगडी काढलीच. चकल्या, शेव, शंकरपाळे, करंज्या, शिवाय रोजच्या फोडण्या, या सगळ्याचा राप बर्नरभोवती चढला होता. त्यावरून बोट फिरवलं तर ते घसरत नव्हतं, अडकत होतं. नॉबच्या मागे पीठ आणि तेल मिळून पिवळसर, मेणचट थर बसला होता. साबणाचं फडकं फिरवलं, तर तो नुसता चकाकला.

बर्नरला हात लावायच्या आत आईंनी दारातूनच विचारलं, "अगं, रेग्युलेटर बंद केलास ना?" केला होता. मग त्यांनी स्टूल ओढलं, जुना टूथब्रश मागून घेतला आणि नॉब घासायला बसल्या.

सांडलेलं तेल ताजं असतं तेव्हा गरम पाण्याचं फडकं पुरतं. तेच तेल रोज तापत राहिलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा चिवट पापुद्रा होतो. चित्रकारांचं जवसाचं तेल कॅनव्हासवर वाळतं, तीच ही क्रिया. सूर्यफूल आणि सोयाबीनचं तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर असं चिकटतं. म्हणून हा थर रेटून खरवडायला मला आवडत नाही. स्टीलवर चरे पडतात आणि पुढचं तेल त्याच चऱ्यांत जाऊन बसतं.

याला खरा उतारा धुण्याच्या सोड्याचा. परातीत कडक पाणी घेऊन त्यात दोन मुठी सोडा टाकला आणि लोखंडी स्टँड बुडवून ठेवले. सोडा तेलकटपणाचा थोडाफार साबणच करून टाकतो, मग घासणीला फारसं काम उरत नाही. अर्ध्या तासात पाणी चहासारखं झालं. खाण्याचा सोडाही चालतो, पण तो सौम्य. त्यात व्हिनेगर ओतून फेस काढायची पद्धत मला पटत नाही. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ साधं पाणी.

एक मात्र सांभाळायचं: अॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावायचा नाही, ते काळं पडतं. आमच्या बर्नरची वरची चकती पितळी आहे. ती चिंचेच्या कोमट पाण्यात ठेवली आणि मग काथ्याने घासली. भोकं दाभणाने न उकरता काडीने हळूच मोकळी केली, कारण भोक मोठं झालं की ज्योत बिघडते. एका भोकात जिऱ्याचा जळका दाणा घट्ट बसला होता. त्या बाजूला गेले कित्येक दिवस ज्योतच येत नव्हती आणि पोळी एकीकडे कच्ची राहत होती, ती यामुळे!

आई त्यांच्या सासूबाईंच्या चुलीबद्दल सांगत होत्या. रात्रीची जेवणं झाली की राख काढून चुलीला पोतेरं फिरवायचं, ते कधी सकाळवर ढकललं नाही. चुलीवर शेवटचा हात ज्याचा, पोतेरं त्याचं. हा नियम मला मनापासून पटतो. घरात खाणारी पाच तोंडं असताना पुसणारा हात एकाच बाईचा का असावा? मुलांना आज रात्रीपासून सांगणार आहे: दूध तापवलंत, तर ओटाही तुम्हीच पुसायचा.

सगळं कोरडं करून बर्नर बसवले आणि पेटवून पाहिले. सुरुवातीला ज्योतीत पिवळ्या रेघा नाचल्या. सोड्याचा अंश राहिला की असं होतं, त्यातल्या सोडियमचा तो रंग. स्टँड पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतले. मग चकतीभर सारखी निळी ज्योत आली, खालचा सुळकाही नीट दिसला. सोड्याचा अंश नसतानाही ज्योत पिवळी असेल, तर गॅस अर्धवट जळतोय. पातेल्यांचे बूड काळे होतात ते त्यामुळेच, आणि गॅसही वाया जातो. शेगडी चकचकीत दिसण्यापेक्षा मला ही ज्योत मोलाची वाटते.

शेगडी सरकवली तेव्हा मागची नळी हाताला चिकट लागली. पुसल्यावर तिच्यावरची तारीख वाचता आली. सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते आणि हिची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा आला नाही. तरी उद्या एजन्सीत फोन करून नवी मागवते.