पुस्तक तयारच आहे, मग तुम्ही लिहिता काय?

फँटसी कादंबऱ्यांची कॉमिक रूपांतरं लिहिणं हे माझं काम. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘कादंबरी आधीच लिहिलेली आहे, चित्रं चित्रकार काढतो, मग कॉमिकवर हे रूपांतरकाराचं नाव कशासाठी?’ हा पहिला प्रश्न. लगोलग तोच माणूस दुसरा विचारतो, ‘आणि तो नदीकाठचा प्रसंग का हो गाळला?’ गाळायला कुणीतरी बसलेलं असतं, हे या दुसऱ्या प्रश्नात तुम्हीच मान्य केलेलं असतं.

आधी हिशेब. पानावर पाच-सहा चौकटी बसतात. अमेरिकी कॉमिकमध्ये एक जुना दंडक आहे: चौकटीत ३५ शब्द, पानावर २१०. ही कमाल झाली. संवादाच्या एका फुग्यात २५ शब्दांच्या वर गेलात की चित्रकारानं जीव ओतून काढलेला किल्ला फुग्याखाली जातो. मारामारीचं पान दहा शब्दांतही भागतं. सरासरी सव्वाशे धरा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिकेतली पहिली कादंबरी साधारण तीन लाख शब्दांची. डायनामाइट या प्रकाशनानं तिचं कॉमिक २०११ ते २०१४ या काळात २४ अंकांत काढलं. रूपांतर डॅनिएल एब्रहॅम, चित्रं टॉमी पॅटरसन. अंकाला तीस पानं धरली तरी ७२० पानं होतात, म्हणजे नव्वद हजार शब्द. उरलेल्या दोन लाख दहा हजारांचं काय झालं? काही चित्रात गेले: कपडे, हवा, भिंती, चेहरे. बाकीचे गेलेच. वाड्यातलं सामान वन-रूम किचनमध्ये हलवायचं, आणि पाहुणे येऊन विचारणार की झोपाळा कुठाय.

आणि हा भरपूर पानं मिळालेला प्रकल्प. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ मालिका चौदा खंडांची; त्यातल्या पहिल्या खंडाच्या कॉमिकलाच सहा संग्रह लागले. उरलेल्या तेरांचं गणित तुम्हीच करा.

काम कसं चालतं तेही एकदा सांगून टाकते. पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनात तक्ता: प्रकरणात काय घडतं, कोण हजर आहे, प्रकरण संपताना वाचकाला नवीन काय कळलेलं असतं, आणि पुढे कुठे कुठे त्या माहितीवर भार पडतो. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. का, ते पुढे येईल. मग पानांचं अंदाजपत्रक. अंकाची पानं ठरलेली असतात, साधारण वीस-बावीस, कारण पेन्सिलिंग करणारा दिवसाला एक पान काढतो आणि अंक महिन्याला निघायचा असतो. त्यामुळे कादंबरीतल्या चाळीस पानी प्रकरणाला कधी सहा पानं मिळतात आणि दोन ओळींत उरकलेल्या लढाईला आठ. मग प्रत्येक अंक कुठे तोडायचा ते ठरतं, मग पानं कुठे उलटायची ते. संवाद सगळ्यात शेवटी. नवखे नेमके संवादापासून सुरुवात करतात. पुस्तकातली आवडती वाक्यं आधी उतरवून काढतात आणि मग त्यांना चौकटी शोधत फिरतात. त्यातून बोलकी मुंडकी तयार होतात, कॉमिक नाही.

पान उलटणं ही काय भानगड? पुस्तकात पहिलं पान उजवीकडे येतं. म्हणजे विषम पानं उजवी, सम पानं डावी, आणि डावं पान उलटल्याशिवाय दिसत नाही. ड्रॅगन पहिल्यांदा दाखवायचा तर सम पानावर. तेरा नंबरच्या पानावर काढलात तर बाराव्या पानावर नजर असतानाच वाचकाला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेला असतो. त्यात अंकात मधेच जाहिरात आली की सगळे आकडे एकानं सरकतात. म्हणून जाहिराती कुठे येणार हे पटकथा लिहिण्याआधी विचारायचं. संपादक सहसा ‘बघू’ म्हणतात.

चौकटीत एकच क्रिया. ‘तो उठतो, तलवार उपसतो आणि दाराबाहेर जातो’ हे कादंबरीत एक वाक्य आहे, कॉमिकमध्ये तीन चौकटी. आणि जो आधी बोलणार तो डावीकडे उभा हवा, कारण आपण डावीकडून वाचतो. नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. दोन माणसांत हे सोपं. फँटसीत मात्र दर तीन प्रकरणांनी राजसभा भरते. सात सरदार टेबलाभोवती, राजाची जागा ठरलेली, आणि कादंबरीकारानं संवाद कुणालाही कुठूनही बोलू देत लिहिलेले. मग एकतर बोलण्याचा क्रम बदला, नाहीतर दृश्याचा कोन फिरवा. कोन फिरवला की डावीकडचा सरदार उजवीकडे जातो आणि वाचक गोंधळतो. असल्या एका सभेला जितका वेळ जातो तितका अख्ख्या लढाईला जात नाही. ‘तुम्ही संवादांचा क्रम का बदललात?’ असं विचारणाऱ्यांना आता हे उत्तर पाठ आहे.

फँटसीची खरी अडचण पुढे आहे. शब्द धूसर राहू शकतात. ‘शब्दांत न मावणारं सौंदर्य’ लिहिलं की लेखक सुटला, चित्रकार अडकला. बुरखा घेतलेला अनोळखी माणूस शेवटी ओळखीचा निघणार असेल, तर त्याची उंची, चालण्याची ढब, हातातली अंगठी, सगळं दोनशे पानं लपवायचं आणि तरी फसवणूक वाटता कामा नये. अदृश्य झालेलं पात्र कसं काढणार? तुटक रेषेनं, फिक्या निळ्या रंगानं, की नुसता फुगा हवेत? तिन्ही चालतात, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी मॉडेल शीट लागतात: प्रत्येक पात्र समोरून, बाजूनं, मागून, ड्रॅगनशेजारी घोडा आणि माणूस, म्हणजे तिसऱ्या अंकात ड्रॅगन वाड्याएवढा आणि नवव्यात बैलाएवढा होणार नाही, ढालींवरची चिन्हं, तलवार कुठल्या कमरेला. जादूला एक रंग राखून ठेवायचा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू द्यायचा नाही. नाहीतर रंगकार संध्याकाळच्या आभाळात तोच जांभळा भरतो आणि आभाळात मंत्र चालल्यासारखं दिसतं.

चित्र निर्णय घेतं, आणि तो निर्णय चिकटतो. अर्सुला ले गुइन यांनी ‘अर्थसी’ या आपल्या मालिकेतला नायक गेड तांबूस तपकिरी वर्णाचा असल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. तरी मुखपृष्ठांवर तो वर्षानुवर्षं गोरा येत राहिला, आणि त्या त्याबद्दल जाहीरपणे तक्रार करत राहिल्या. एक शब्द वाचायचा राहिला की असं होतं.

आता जे मला मुळात सांगायचंय ते. एब्रहॅम स्वतः कादंबरीकार आहेत. टाय फ्रँक यांच्याबरोबर जेम्स एस. ए. कोरी या नावानं ‘द एक्सपान्स’ ही विज्ञानकादंबऱ्यांची मालिका लिहिणारे तेच. कादंबरीत काय कशावर उभं असतं हे त्यांना शिकवायला नको. मार्टिन यांची मालिका तेव्हा अपुरी होती, अजूनही आहे. पहिल्या खंडाचं काम चालू असताना एब्रहॅम यांना एक प्रसंग पुन्हा बांधावा लागला. त्यातलं एक वाक्य, बघून कुणाला शंकाही येणार नाही असं, मालिकेच्या शेवटच्या खंडातल्या शेवटच्या प्रसंगाला लागणार होतं. हे त्यांनीच नंतर सांगितलं. वाक्य कुठलं ते सांगितलं नाही, आणि तो शेवटचा खंड अजून आलेला नाही.

वाचकांना ही गोष्ट फार आवडते. कुठलं वाक्य असेल यावर पैजा लागतात. मला मात्र ती ऐकली की पोटात गोळा येतो. माझा तो तक्ता आठवा, शेवटचा रकाना. कापायचं की ठेवायचं याची आमच्याकडे एकच कसोटी आहे: पुढे यावर काही उभं आहे का? पुरी झालेली कादंबरी असेल तर पानं पालटून बघता येतं. अपुऱ्या मालिकेत तो रकाना कोरा असतो आणि तरी निर्णय आजच द्यायचा असतो, कारण चित्रकार पुढच्या पानासाठी थांबलाय. तीन लाख शब्दांतलं ते एक वाक्य बचावलं, कारण लेखक हयात होता, विचारण्याच्या अंतरावर होता आणि त्याच्या लक्षात होतं. यातली एक गोष्ट नसती तर ते वाक्य गेलंच असतं, आणि ते कापणाऱ्याकडून काहीही चुकलं नसतं. आणि एक वाक्य असं होतं तर दुसरं नसेल कशावरून?

बरं, एक वाक्य परत घालणं म्हणजे एक फुगा वाढवणं नव्हे. एखाद्या प्रसंगात पाच चौकटींत अकरा फुगे आधीच ठासून भरलेले असले, तर बारावा घालायला सहावी चौकट लागते. बाकीच्या पाच लहान होतात, नाहीतर शेवटची पुढच्या पानावर जाते. मग पुढच्या पानावरचा धक्का त्याच्या पुढच्या पानावर जातो, सम पानाचं विषम होतं, आणि अंकाचा शेवट हलतो. पटकथेच्या टप्प्यावर हे दोन दिवसांचं काम. कच्च्या आराखड्यावर आठवड्याचं. इंकिंग, म्हणजे पेन्सिलीवर शाई फिरवून झाल्यावर कुणी सांगितलं, तर तो प्रसंग न बदलता एखाद्या निवेदनाच्या पट्टीत, म्हणजे फुग्याबाहेरच्या मजकुराच्या चौकोनात, ते वाक्य कोंबलं जातं, आणि पट्टीत एकटंच बसल्यामुळे ते नको तितकं उठून दिसतं. लपवून ठेवायचं वाक्य फलकासारखं झळकलं, तर ते राखून काय उपयोग?

मग प्रत्येक वाक्य लेखकाला विचारावं? विचारून बघा. लेखकाला सगळंच महत्त्वाचं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. २०१७ मध्ये मालिकेच्या दुसऱ्या खंडाचं कॉमिक सुरू झालं तेव्हा रूपांतरकार बदललेला होता. लँड्री वॉकर आले. आधीच्या माणसानं ठेवलेलं आणि कापलेलं, दोन्ही त्यांच्या पदरात.

पहिल्या खंडाच्या कॉमिकबद्दल दुसरा आरोप असतो, की डनेरिस या राजकन्येचे प्रसंग सौम्य केले. कादंबरीत ती तेरा वर्षांची आहे. शब्दांत लिहिणं वेगळं आणि चित्र काढणं वेगळं. अमेरिकेत २००३ च्या कायद्यानं अल्पवयीनांच्या अश्लील रेखाटनांनाही कक्षेत घेतलं. कायदा नसता तरी ते तसं काढायला नको होतं, हे माझं मत. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

निवेदनाच्या पट्ट्यांवर मात्र घालीन, तोही स्वतःशी. पूर्वीची मी छातीठोकपणे सांगायचे की पट्टी हा पराभव आहे, चित्रानं सांगितलं पाहिजे. मग तिच्यासमोर टोल्कीन यांच्या ‘द हॉबिट’चं कॉमिक ठेवायचं. १९८९-९० मध्ये एक्लिप्स या प्रकाशनानं तीन भागांत काढलेलं, चक डिक्सन आणि शॉन डेमिंग यांचं रूपांतर, डेव्हिड वेन्झेल यांची चित्रं. पट्ट्यांनी गच्च भरलेलं आहे. नियमानं ते मरायला हवं होतं. पण प्रकाशक बदलत गेले आणि ते छापलं जात राहिलं. कारण त्या पुस्तकात गोष्ट सांगणारा आवाज हेच मुख्य पात्र आहे. तो काढला तर उरतात बुटके आणि भरपूर चालणं. पूर्वीची मी म्हणेल, हा अपवाद. आजची मी म्हणते, मग नियम कुठल्या पुस्तकाला लागू? मार्टिन यांच्या पहिल्या खंडात आठ जणांच्या डोळ्यांतून गोष्ट पुढे जाते. आठांना आठ रंगांच्या पट्ट्या दिल्या तर पान पताकांसारखं दिसतं, न दिल्या तर कोण विचार करतंय ते कळत नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात, त्यांची कॉमिक्स मला वाचवत नाहीत.

एक मार्ग पी. क्रेग रसेल यांचा. नील गेमन यांच्या ‘द ग्रेव्हयार्ड बुक’च्या २०१४ च्या कॉमिकसाठी त्यांनी सगळ्या पुस्तकाचे आराखडे स्वतः केले आणि प्रकरणं वेगवेगळ्या चित्रकारांना वाटली. ‘अमेरिकन गॉड्स’चे २७ अंकही तसेच: पटकथा आणि आराखडा रसेल यांचा, चित्रं स्कॉट हॅम्प्टन यांची. लेखक आणि चित्रकार यांच्यामध्ये जी फट असते, तिथेच बहुतेक रूपांतरं बिघडतात. आराखडा काढता येणारा रूपांतरकार ती बुजवतो. ज्यांना येत नाही त्यांनी निदान अंगठ्याएवढ्या चौकटी काढून बघाव्यात. काड्यांची माणसं चालतील. फुगा मावतो की नाही एवढं तरी कळतं.

मराठीत असं कॉमिक का होत नाही, हेही विचारता. पैसा हे एक कारण, ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं कारण लेटरिंगचं, म्हणजे फुग्यांत अक्षरं भरण्याचं. इंग्रजी कॉमिक बहुतेक कॅपिटलमध्ये, एका उंचीत चालतं. आपल्याला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, म्हणून ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. इंग्रजी फुग्यात चार ओळी बसतात तिथे आपल्या तीनच. म्हणजे ३५ शब्दांचा दंडक इथे पाळता येणार नाही, पंचवीसच्या आसपास थांबावं लागेल, आणि पटकथा त्या मापानं लिहावी लागेल. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारी सोय, चालू केला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. छापून आल्यावर ते दिसतं. म्हणून मराठीत करणार असाल तर लेटरिंग करणाऱ्याला शेवटी नाही, पहिल्या बैठकीला बोलवा, आणि त्याच्याकडून एक नमुन्याचं पान भरून घेतल्याशिवाय चित्रकाराला आगाऊ रक्कम देऊ नका.