ब्रॅकेटचा गोंद आणि हिरडीच्या पेशी: माझ्या थिसिसचा अनुभव

विषय मिळाला तेव्हा वाटलं सोपंय, ब्रेसेसचे ब्रॅकेट (दातावर बसणारे छोटे तुकडे) चिकटवायचं मटेरियल घ्यायचं, हिरडीच्या पेशींवर त्याचा काय परिणाम होतो बघायचं, मेल्या किती जगल्या किती मोजायचं, झालं. प्रत्यक्षात सुरुवातीचे काही महिने पेशी माझ्याच हातून मरत होत्या, मटेरियलचा नंबरच लागला नाही.

पेशी मिळवायच्या कशा तर ब्रेसेससाठी ज्यांची उपदाढ काढायची असते त्यांच्या हिरडीचा अगदी बारीक तुकडा घ्यायचा, अर्थात एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची लेखी संमती घेऊनच. तो कापून फ्लास्कमध्ये ठेवला, वर 10 टक्के सीरम घातलेलं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रव, इनक्युबेटर 37 डिग्रीला, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि मग नुसती वाट बघायची. बऱ्याच दिवसांनी तुकड्याच्या कडेने लांबट फायब्रोब्लास्ट, म्हणजे हिरडीच्या आतल्या पेशी, बाहेर पडताना दिसले, मी लॅबमध्ये दिसेल त्याला ओढून आणून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. पुढच्या आठवड्यात फ्लास्कमध्ये बुरशी. सगळं टाकलं, परत पहिल्यापासून.

एकदाच्या पेशी टिकल्या, मग मटेरियलच्या छोट्या चकत्या बनवल्या. साच्यात रेझिन, म्हणजे हाच गोंद, भरायचं, ते घट्ट व्हायला लाइट मारायचा, आणि चकत्या 24 तास 37 डिग्रीला मीडियममध्ये बुडवून ठेवायच्या. जे काही सुटायचं ते त्यात उतरतं, म्हणजे मुख्यतः न जोडले गेलेले मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू), टीईजीडीएमए वगैरे. हा टीईजीडीएमए पेशीतलं ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं संरक्षण करणारं द्रव्य, संपवतो आणि मग पेशीवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो. मग तेच मीडियम प्लेटच्या खळग्यांमधल्या पेशींना द्यायचं आणि नंतर एमटीटी टेस्ट, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजायचं. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे फॉर्मझान क्रिस्टल बनवतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून 570 नॅनोमीटरच्या प्रकाशाला रंगाचं रीडिंग घ्यायचं. आयएसओ 10993-5 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कंट्रोलच्या (मटेरियल न दिलेल्या पेशींच्या) तुलनेत 70 टक्क्यांच्या खाली गेलं की सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशींना विषारी, समजायचं.

माझी पहिली प्लेट काढली तर कंट्रोल मस्त जांभळा आणि मटेरियलच्या सगळ्या रांगा पिवळट. सगळ्या! मी मनात हेडलाइनसुद्धा लिहून टाकली की हे गोंद विषारी आहेत. मॅडमनी प्लेट बघितली आणि एवढंच विचारलं, "चकतीवर वरून काय झाकलं होतंस?" काहीच नव्हतं झाकलं. ग्लोव्हजच्या बोटाने चकती दाबून बघितली तर वरचा थर चिकट.

हवेतला ऑक्सिजन रेझिनचं जोडलं जाणं थांबवतो, म्हणून वरचा पातळ थर कच्चाच राहतो. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलंसुद्धा, पण इथे डोक्यात आलंच नाही. परत चकत्या बनवल्या, यावेळी वरून मायलर स्ट्रिप (प्लास्टिकची पातळ पारदर्शक पट्टी) लावून, आणि त्याच मटेरियलच्या रांगा चक्क जांभळ्या झाल्या. कंट्रोलइतक्या नाही, पण 70 च्या वर.

आता खरा प्रश्न पडला, तोंडात ब्रॅकेटच्या कडेला कोण स्ट्रिप लावतं? तिथे बाहेर आलेला जास्तीचा गोंद उघड्यावरच सेट होतो, तोही हिरडीच्या बाजूला. शिवाय मेटल ब्रॅकेटमधून लाइट आरपार जात नाही, कडांमधून जाईल तेवढाच. म्हणून तिसरा गट केला, उघड्यावर लाइटने घट्ट करून नंतर वरचा थर अल्कोहोलच्या कापसाने पुसलेला. तो मधे कुठेतरी आला, झाकलेल्याच्या जास्त जवळ. गाइडशी वाद घालून घुसडलेला हा गट, आणि मला विचाराल तर अख्ख्या थिसिसमध्ये कामाचं असं हेच.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं, मग पेशंटने घाबरायचं का? म्हटलं नाही, प्लेटमध्ये पेशींचा एकच थर असतो आणि 24 तास त्याच मीडियममध्ये, तोंडात लाळ सतत धुऊन काढते, हिरडीवर एपिथेलियमचं, म्हणजे वरच्या त्वचेसारख्या थराचं, आवरण असतं, आणि मोनोमर सुटतात ते जास्त करून सुरुवातीलाच. पुढचा प्रश्न एमटीटीवर आला, मटेरियल स्वतःच रंग बदलत असेल तर? पेशी न घालता फक्त मटेरियलचं मीडियम असलेले वेल (प्लेटमधले खळगे) मी ठेवले होते म्हणून वाचलो.

आता बाँडिंग करताना लाइट मारायच्या आधी ब्रॅकेटभोवतीचा गोंद प्रोबने काढतो आणि मग सगळ्या बाजूंनी लाइट देतो, त्यात वेळ जातो. परवा एक मुलगा तोंड उघडं ठेवून कंटाळला आणि म्हणाला, "डॉक्टर, चिकटवताय की काढताय?"