नकाशावरची बातमी

'पाणी किती वाजता आलं?' एवढाच प्रश्न काल वाचकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारला होता. आज सकाळपासून उत्तरांचा पाऊस! नकाशावर एकेक टिंब टाकत गेलो. खरा वेळ गेला तो फोन करून प्रत्येक उत्तर पडताळण्यात. ते टाळून चालतच नाही. दुपारी दिसलं, कोरडी टिंबं सगळी एकाच जलवाहिनीच्या टोकाला. इतकी वर्षं 'काही भागांत पाणीटंचाई' असंच छापत आलो होतो आपण!

'खबर लहरिया'च्या ग्रामीण बायका आठवल्या. 2002 मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला या नावाचं छापील वृत्तपत्र काढणाऱ्या त्या पुढे मोबाईलवर व्हिडिओ बातम्या करू लागल्या.

संध्याकाळी एका आजींचा फोन आला, "आमचं टिंब दिसलं हो." अजून कानात आहे तो आवाज.